पायाचं पाणी

आलूरवाडी, ता. देगलूर
९ मार्च १९८३

गोदावरीबाई,

साष्टांग नमस्कार लिहितोय, पण घालता येत न्हाई. वाकलं की घेरी येती. उभ्याउभ्याच घ्या.

पोचल्याबरोबर पत्र टाक म्हणला होतात. पोचलो, पण रेणापूरला न्हाई. त्याचं असं झालं. चौथं इंजेक्शन घेऊन दवाखान्यातनं निघालो, तर नांदेडच्या स्टँडवर लातूरची गाडी लागलेली होती. आत बसलो. गाडीत सगळे एकच बोलून राहिले होते, नवा जिल्हा. कोणतं हापिस कुठं बसलं, कलेक्टर कुठं राहतो. एक म्हातारा म्हणत होता की कोर्टाच्या तारखेला उस्मानाबादचा फेरा वाचला खरा, पण तिथं कोर्टापुढं भजी चांगली मिळायची, ती गेली. मला भज्याच्या नुसत्या नावानं मळमळलं. खाली उतरलो. उतरल्यावर घर डोळ्यापुढं आलं. गुंडप्पाकाकानं मला आईबापामागं लहानाचं मोठं केलं, त्यांना मी काही म्हणत न्हाई. पण उमाबाईकाकूनं माझं ताट आन् गिलास गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवलाय, हे तुम्हाला हैदराबादच्या दवाखान्यातच सांगितलं होतं. कॅन्सर लागतो म्हणती. डॉक्टरनं लागत न्हाई म्हणून कागदावर लिहून दिलं, तर म्हणती, कागदाला काय लागतंय. शेजारी देगलूरची गाडी होती. तीत बसलो.

आमचा बोअरचा रिग इकडं आलूरवाडीत लागला होता. माणिकप्पा रिगचा मुख्य. त्याला मी टायफॉइड झाला म्हणून सांगितलंय. त्यानं माझं डोस्कं बघितलं, भुवया बघितल्या, म्हणला, टायफॉइड तुला पार सोलून गेला की रे. पण माझ्याच्यानं पाइप उचलंना. दोन भोकं मारली, दोन्हीत धूळ. तेवढ्यात सांगावा आला की लातूरकडं चला, नव्या जिल्ह्यात लई कामं निघाली. रिग गेला. माझी वळकटी महादेवाच्या देवळात टाकली, परत येताना नेतो म्हणले.

आता खरी गोष्ट. देवळाच्या ओसरीत पडलो होतो. तोंड आतनं सगळं सोललेलं, बोलता पण येत नव्हतं. केवळाबाई नावाच्या एका आजीनं भाकर आणली, तर हातानंच नको म्हणलो. तिनं बघितलं की पोरगं तरणं हाय, डोस्क्याला केस न्हाई, भुवई न्हाई, गळ्यात लिंग हाय, अन्नाला शिवत न्हाई आन् तोंडातनं शब्द काढत न्हाई. दुसऱ्या दिवशी पाच बाया आल्या. आन् त्याच दिवशी, आठवडाभर तोंड न दाखवलेला पाण्याचा टँकर आला. झालं, बाई. आमच्या लिंगायतात मठाच्या पुढच्या स्वामीला, पोरसवदा असतो तोवर, मरी म्हणतात. गाव म्हणून राहिलं की मठातला मरी आलाय आन् पावसासाठी उपास धरून बसलाय.

हसू आलं, पण ओठ फाटले. तोंड बरं झालं की सांगतो खरं काय ते.

तुमच्या उलट्या थांबल्या का? तोंडात पावली धरल्यागत चव अजून येती का? मला तर पाण्याची पण तीच चव येती. पत्र महादेवप्पा पाटलांच्या घरच्या पत्त्यावर टाका, त्यांच्या ओट्यावर टपाल येतं.

बसवराज


नांदेड
१५ मार्च १९८३

चि. बसवराज,

आशीर्वाद आहेतच, दर पत्रात नव्यानं देत नाही.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की वहिनी दारात येऊन उभी राहिली. आत नाही आली. हल्ली ती उंबऱ्यापर्यंतच येते. अवधूत कचेरीतून आला की माझ्या खोलीच्या खिडकीतून विचारतो, बरं आहे ना? मी म्हणते, बरं आहे. भावाला तेवढंच ऐकायचं असतं आणि मला तेवढंच सांगायचं असतं, म्हणून आमचं छान जमतं.

उलट्या थांबल्या. केस मात्र संपले. शाळेत शिकवत होते तेव्हा कधी डोक्यावर पदर घेतला नाही, त्यावरून बोलणीही खाल्ली. आता टक्कल झाकायला घेते, तर शेजारच्या सौदामिनीताई म्हणाल्या, "बाई, किती सोज्वळ दिसायला लागलात." म्हणजे लोकांनी एकट्या तुलाच स्वामी केलेलं नाही. नव्या इयत्तेत आपण दोघं आहोत.

तोंडासाठी कोमट पाण्यात मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा घालून चुळा भर, खाण्याआधी आणि खाल्ल्यावर. गावात पाणी नाही हे माहीत आहे, पण मरीनं मागितलं तर देतील, माग. ज्वारीची आंबील पातळ करून, पार गार झाल्यावर घे. तिखटाकडे बघूही नकोस. वासानं मळमळलं तर लिंबाचं पान चुरगळून नाकाशी धर.

आता नीट वाच. ३० तारखेला पाचवं इंजेक्शन. हैदराबादला लाइटच्या, म्हणजे त्या किरणांच्या, रांगेत आपलं काय ठरलं होतं ते विसरू नकोस. औषध गेलं की मला दोन तासांत ओकणं सुरू होतं आणि तुला दिवेलागणीला. म्हणून तर आपण एकच दिवस धरतो. आधी तू माझं भांडं धरायचं, मग मी तुझं. बाकीच्यांना नातेवाईक आहेत, बाबा. आपल्याला हे वेळेचं अंतर आहे.

त्याआधी गावाला खरं काय ते सांगून मोकळा हो. तोंडाला फोड आलेत ही सबब आठवडाभर चालते, पुढे नाही.

गोदावरीबाई


आलूरवाडी
२४ मार्च १९८३

बाई,

तुमची आंबील लागू पडली. केवळाबाईनं केली. मरीनं अन्न घेतलं म्हणून गावानं देवळात घंटा वाजवली. इथला गुरव मजेशीर माणूस हाय. त्याला तिन्ही भाषा येतात. पूजा कन्नडमधी सांगतो, बायकोशी मराठीत भांडतो आन् लई राग आला की तेलुगूवर जातो. मी त्याच्याकडनं थोडं तेलुगू शिकून राहिलो, पण ते सगळं तुम्हाला लिहिण्यासारखं न्हाई.

तोंड बरं झालं. म्हणजे सबब संपली. पण सांगितलं न्हाई. का न्हाई ते लिहितो.

या सोमवारी पाट मांडला, मला बसवलं, नवं भगवं लुगडं फाडून अंगावर घातलं. मग महादेवप्पा पाटलांनी परात आणली. विहिरीत बुडाशी हिरवं पाणी उरलंय, एका घराला एक कळशी मिळती, त्यातलं तांब्याभर आणलं आन् माझे पाय धुतले. मी पाय ओढून घेतले तर पाटील म्हणले, मरी लई नम्र हाय. मग ते परातीतलं पाणी सगळ्यांनी तळहातावर घेऊन पिलं. तुमच्यात तीर्थ असतं तसं आमच्यात स्वामीच्या पायाचं पाणी. मी पण लहानपणी पिलोय. पण त्या वेळी मी पिणारा होतो.

बाई, माझ्या अंगात आपलं ते औषध हाय. माझ्या घामाला मलाच वास येतो. काकू माझ्या गिलासाला शिवत न्हाई, आन् इथं माझ्या पायाचं पाणी लेकरांच्या तोंडात घालतात. त्याच वेळी ओरडून सांगायला पाहिजे होतं. जीभ उचलली न्हाई. कारण बरं वाटलं. केवळाबाईची नात हाय, मल्लू, चार-पाच वर्षांची. ती सरळ येऊन मांडीवर बसली, डोस्क्यावरनं हात फिरवला आन् म्हणली, भोपळा. सगळे तिच्यावर ओरडले. मला मात्र वर्षभरात आपणहून कुणी हात लावलेला आठवत न्हाई. सुई लावणाऱ्यांना मी धरत न्हाई.

३० ला येत न्हाई. मानेतली गाठ बसली की. डॉक्टर सहा म्हणले होते, चारात भागलं तर पाचवं कशाला घ्यायचं? रिग न्यायला आला की बघू. रागावू नका. तुमचं भांडं तिथली आया धरील, ती चांगली हाय.

बसवराज


नांदेड
२ एप्रिल १९८३

चि. बसवराज,

३० तारखेला गेले होते. खिडकीजवळची तुझी खाट रिकामी होती, चादर बदललेली. डॉक्टरांनी विचारलं, तुमचा तो रिगवाला कुठे आहे? मी म्हटलं, स्वामी झाला. ते हसले नाहीत. म्हणाले, गाठ दिसेनाशी होणं म्हणजे आजार संपणं नव्हे. आता सोडलं तर ती परत येईल, आणि परत आलेली गाठ याच औषधाला जुमानेल असं नाही. हे शब्द त्यांचे आहेत, त्यात माझी भर नाही.

माझं ठीक झालं. भांडं मीच धरलं. धरता येतं.

पुढची तारीख २७ एप्रिल.

गोदावरी


आलूरवाडी
१४ एप्रिल १९८३

बाई,

तुमचं पत्र लई बारीक आलं. बारीक पत्र वाचायला जास्त वेळ लागतो. मी ते तीनदा वाचलं आन् तरी मला त्यात तुम्ही सापडल्या न्हाईत. खरंच ठीक झालं ना?

रिग येईना. किल्लारीकडं हाय म्हणतात, कुणी म्हणतं औशाला. माणिकप्पा मला विसरला असंल. पाइप उचलणारे काय, गल्लोगल्ली मिळतात.

टँकर पण येईना. तो लातूरकडं वळवला असं इथं सगळे धरून चाललेत. हे गाव नांदेडात, पण शिवेवर उभं राहिलं की पलीकडं लातूर जिल्हा सुरू होतो. त्यामुळं नव्या जिल्ह्यावर गाव लई जळून राहिलं. काल पाटलांनी विचारलं, "अप्पा, तुमचं मूळ गाव कोणत्या जिल्ह्यात?" मी झोपेत होतो, बोलून गेलो, लातूर. मग पाटीलच म्हणले, देवाला जिल्हा नसतो.

तुम्हाला सांगायचं राहिलं, केस यायला लागले. कोंबडीच्या पिलागत, मऊ. हाताला लागले तेव्हा मी देवळामागं जाऊन रडलो. हैदराबादेत आपण कसं बोलायचो, तुमचे पांढरे येतील की काळे येतील. मग गुरवानं बघितलं. त्यानं न्हाव्याला बोलावलं. मरीला केस चालत न्हाईत. मी नको म्हणू शकलो असतो. मान खाली घालून बसलो. सगळे गेले, बाई, मातीत पडले तर दिसले पण न्हाईत, इतके बारीक होते.

आता गावानं ठरवलंय की पाऊस पडेस्तोवर मरीनं अन्न सोडायचं. मागल्या उपासात टँकर आला ना. मी एक वेळ खातो म्हणून कबूल करून घेतलंय. पण केवळाबाई म्हणती, तुम्ही खाल तेव्हाच मी खाईन. म्हातारी अशीच वाळून गेली. तिच्याशी भांडायला तुमच्यासारखं माणूस पाहिजे.

न्हावी वस्तरा फिरवताना डाव्या कानाखाली थांबला. म्हणला, अप्पा, हे काय? हरभऱ्याएवढं हाय. डास चावला असंल. तसे डास न्हाईत इथं, डासाला पण पाणी लागतं. डॉक्टरला सांगू नका.

बसवराज


नांदेड
१९ एप्रिल १९८३

चि. बसवराज,

डास नाही. तुलाही ते माहीत आहे, म्हणून जिल्ह्याचं, न्हाव्याचं सगळं सांगून झाल्यावर शेवटच्या ओळीत लिहिलंस.

आणि तुला त्या पत्रात मी सापडले नाही ते बरोबरच आहे. मी तुला खोटं लिहिलं होतं. ३० तारखेला गेले, डॉक्टरांशी बोलले, इथपर्यंत खरं. औषध घेतलं नाही. खाटेवर बसले, नर्स सुई घेऊन आली. मी तुझ्या खाटेकडे पाहिलं आणि म्हटलं, आज मला कसकस आहे, नको. रिक्षा करून घरी आले. वहिनीनं उंबऱ्यातून विचारलं, झालं? म्हटलं, झालं. मग दोन दिवस दार लावून पडले आणि तिला ऐकू जावं म्हणून ओकण्याचे आवाज काढले. जन्मभर पोरांची खोटी पोटदुखी पकडत आले आणि या वयात स्वतः ते करत होते. वहिनी दारात भात ठेवून गेली. मऊ केला होता. इतकं वाईट वाटलं की तो खाल्लाच गेला नाही.

हे तुझ्यावर ढकलत नाही. मी घाबरले. मरणाला भीत नाही असं आपण दोघंही मोठ्या ऐटीत बोलायचो. ते खरंही असेल. पण एकटीनं ओकत बसायला मी भिते, हे मला त्या दिवशी कळलं. तुझंही तेच झालंय. तू औषधातून नाही पळालास, त्या खोलीतून पळालास. तुला तिकडे मांडीवर बसणारं पोर मिळालं. मला मिळालं असतं तर मीही गेले नसते. म्हणून तुला ऊठ म्हणताना मला लाज वाटते आहे, पण म्हणते. ती माणसं मरीजवळ बसतात, बसवराज. तुझ्याजवळ कोण बसतं ते त्यांना तुझं नाव कळल्यावरच समजेल.

२७ ला मी जाणार आहे. तू आलास तरी आणि नाही आलास तरी. असं लिहिलंय खरं. जमेल का ते दारात पोचल्यावर कळेल.

गोदावरीबाई


देगलूर, एसटी स्टँड
२६ एप्रिल १९८३

बाई,

हे पत्र इथल्या पेटीत टाकीन. तुम्हाला मिळेस्तोवर उद्याचा दिवस होऊन गेला असंल आन् आपण दोघं ओकून मोकळे झालेले असू. तरी लिहितो, कारण गाडीला वेळ हाय आन् बोलायला कुणी न्हाई.

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. वाचून ठरवलं की सांगायचं. रविवारी न्हाई सांगितलं. सोमवारी पण न्हाई. रोज सकाळी पाय धुवायला परात यायची आन् मी पाय पुढं करायचो. हे लपवत न्हाई.

आज सकाळी केवळाबाई मल्लूला घेऊन आली. तिला हगवण लागली होती, अंगात ताप. डोळे आत गेलेले, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. मी म्हणलो, देगलूरला डॉक्टरकडं न्या, पाटलांची जीप हाय की दारात. तर म्हातारी म्हणली, "डॉक्टर काय देणार अप्पा, तुमचं पाणी देऊन राहिलो की परवापासनं."

परवापासनं, बाई. त्या हिरव्या पाण्यात माझे पाय धुऊन ते त्या लेकराला पाजून राहिले होते. डॉक्टर सोडून.

मी उठून उभा राहिलो. म्हणलो, "आजी, मी मरी न्हाई. रेणापूरच्या गुंडप्पाचा पुतण्या हाय. रिगवर पाइप उचलतो. मला कॅन्सर हाय, केस औषधानं गेलेत. माझ्या पायाच्या पाण्यानं माझंच बरं होत न्हाई."

कुणी मानलं न्हाई. पाटलांनी हात जोडले, म्हणले, अप्पा आपली परीक्षा बघून राहिले. गुरव रडायला लागला. मग मी भगवं काढून ठेवलं. मानेवर लाइटनं काळी झालेली कातडी दाखवली, हाताच्या शिरा दाखवल्या, सुया टोचून टोचून दोऱ्यागत कडक झालेल्या. तरी बघत उभे. शेवटी केवळाबाईचा हात धरला आन् तिची बोटं कानाखालच्या गाठीवर ठेवली. दोन झाल्यात आता, ते तुम्हाला लिहिलं नव्हतं.

तिनं चाचपून बघितलं. मग हात काढला आन् पदराला पुसला. मला विचारलं, "लागतं का हे?"

मी न्हाई म्हणलो. "मग आधी का न्हाई सांगितलं?" म्हणली.

तुम्ही असता तर याचं उत्तर दिलं असतं. मी म्हणलो, जीप काढा.

काढली. पाटलांनीच चालवली. मी मागं बसलो. वाटेत मल्लूचा डोळा लागला आन् तिचं डोस्कं कलून माझ्या खांद्याला टेकलं. केवळाबाईनं हळूच तिला उचलून पलीकडल्या बाजूला घेतलं. मला वाईट वाटलं न्हाई असं लिहायला बसलो होतो. वाटलं.

देगलूरच्या डॉक्टरनं सलाईन लावलं. दुपारी तिनं डोळे उघडले, लघवी केली, पाणी मागितलं. उकळलेलं दिलं. डॉक्टर म्हणले, जगंल, आजच आणली म्हणून जगंल. मी दारातनं बघितलं. केवळाबाई माझ्याकडं पाठ करून बसली होती. पाटील बाहेर बिडी ओढत होते. मी येतो म्हणलो, तर त्यांनी मान हलवली. कोणत्या अर्थानं हलवली ते विचारत बसलो न्हाई. वळकटी आलूरवाडीतच राहिली. अंगावर सदरा हाय आन् खांद्यावर ते भगवं, कारण दुसरं पांघरायला काही न्हाई.

स्टँडवर लई गर्दी. सगळी दुष्काळातनं निघालेली, कुणी हैदराबादला, कुणी निझामाबादला कामाला चाललेली, बोचक्यांवर बसून. बाकावर बिदरकडली एक बाई, तिची सासू आन् पोरं बसली होती. भगवं बघून त्यांनी मला जागा केली. सासूनं पायाला हात लावला आन् कन्नडमधी विचारलं, अप्पा, कोणता मठ? मी तिला मराठीत सांगितलं, मावशी, मी स्वामी न्हाई, मला कॅन्सर हाय. पहिल्यांदा कुणी जोर न करता सांगितलं, बाई. सोपं हाय, एका दमात होतं.

त्यांनी आपसात बघितलं. पोरं उचलली, बोचकी उचलली, खांबापलीकडं जाऊन बसल्या. हळू गेल्या, मला कळू नये अशा बेतानं. त्यांचं बघून शेजारचा एक जण पण उठला. आता अख्खा बाक माझा हाय. पाय लांब करून, मांडीवर कागद ठेवून लिहून राहिलो. एवढ्या गर्दीत एवढी जागा फक्त मलाच.

नांदेडची गाडी लागली वाटतं. कंडक्टर हाक मारून राहिला.

उद्या दवाखान्यात तुम्ही आधी पोचाल. बाहेरच्या बाकावर मधोमध बसू नका. सरकून बसा.

बसवराज